पडद्यासमोरचा इतिहास



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र जमून विचार ऐकण्याची सवय महाराष्ट्राला लागली. बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक, हे व्याख्यानाचे वरवरचे रूप झाले. खरे व्याख्यान पुष्कळदा सभा उठल्यावर सुरू होते. घरी जाताना वाटेत दोघेतिघे थांबतात, वक्त्याचे एखादे वाक्य उलटेपालटे करून पाहतात, कोणी म्हणतो 'पटले', कोणी म्हणतो 'छे, यात काही अर्थ नाही'. वक्त्याचे भाषण छापले जाते. वाटेवरचे हे दुसरे व्याख्यान मात्र वाऱ्यावर जाते.

चित्रपटाचेही असेच आहे. चित्रपट कोणी काढला, पैसा कोणी घातला, कोणी काम केले, गाणी कोणी रचली, याचा इतिहास आपल्याकडे बराच लिहिला गेला आहे. परंतु तो चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या माणसांनी एकमेकांना काय सांगितले, याचा इतिहास जवळजवळ लिहिलाच गेला नाही. आजचा माझा विषय तोच आहे. पडद्यावरच्या इतिहासाऐवजी पडद्यासमोरच्या इतिहासाकडे थोडे पाहावे, आणि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात उभे राहून पाहावे, असा विचार आहे. कारण ज्या माणसाचे मत इतिहासात सर्वांत कमी नोंदले गेले, तो श्रम करून तिकीट काढणारा माणूस याच पट्ट्यात मोठ्या संख्येने राहत आला आहे.

आरंभापासून पाहू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. तिकीट होते एक रुपया. त्या काळी एक रुपया म्हणजे साध्या माणसाची काही दिवसांची मजुरी. तेव्हा पहिले प्रेक्षक कोण असतील हे सांगावयास नको. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात गेले, चार आण्यांचे तिकीट निघाले, आणि तेव्हा कोठे जरा खालच्या थरातला माणूस आत शिरू शकला. त्या पहिल्या खेळात ज्या लहान लहान चित्रफिती दाखवल्या, त्यांत एक होती कारखाना सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या कामगारांची. हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. आपल्या देशाने पडद्यावर जी पहिली माणसे पाहिली, त्यांत पाळी संपवून घरी निघालेले कामगार होते. पडद्यावर कामगार आणि समोर रुपया मोजणारे श्रीमंत, अशी ती मांडणी होती. ती उलटी होण्यास, म्हणजे कामगार समोर येऊन बसण्यास, पुढे बराच काळ जावा लागला.

हिंदी चित्रपटसृष्टीचा, म्हणजे हिंदुस्थानच्या चित्रपटसृष्टीचा, जन्मच एका प्रेक्षकाच्या मतातून झाला आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो. १९१० च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या चरित्रावरचा एक मूकपट पाहावयास गेले. तो पाहताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहू लागले. नंतर त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंनाही तो पट दाखवण्यास नेले. ही हकिकत फाळक्यांनी १९१७ साली 'नवयुग' मासिकात स्वतः लिहून ठेवली आहे. म्हणजे पाहा, एक माणूस चित्रपट पाहतो, त्याच्याविषयी मनाशी आणि घरच्या माणसाशी बोलतो, आणि त्या बोलण्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' उभा राहतो. हे मत कागदावर उतरले म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. त्याच खेळाला जे इतर शेदोनशे लोक बसले असतील, त्यांना काय वाटले ते कोणासही ठाऊक नाही.

फाळक्यांचे पट निघू लागल्यावर प्रेक्षकांच्या मताला एक वेगळेच रूप आले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम पडद्यावर आला की लोक हात जोडत, नमस्कार घालत, असे त्या काळच्या आठवणींत येते. त्या पटात राम आणि सीता ही दोन्ही कामे साळुंके या एकाच नटाने केली होती, हे जाणणारेही हात जोडत असणार. सुशिक्षितांनी याला भोळेपणा म्हटले. मला मात्र वाटते की हाही मत देण्याचा एक प्रकार होता. ज्याला लिहिता येत नाही, ज्याचे बोलणे कोणी टिपून घेत नाही, तो माणूस देहाने मत देतो. तो नमस्कार करतो, शिट्टी वाजवतो, पैसे फेकतो, रडतो, नाहीतर मधेच उठून जातो. इतिहासकाराने ही देहाची भाषाही वाचावयास शिकले पाहिजे.

पुण्यात गंगाधरपंत पाठकांनी १९१५ साली मंडईजवळ आर्यन चित्रपटगृह काढले, आणि पुणेकरांना चित्रपटावर मत देण्यासाठी हक्काची जागा मिळाली. तेथेच १९२० साली बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' लागली. कीचकवधाचा प्रसंग इतका जिवंत वठला होता की पाहणाऱ्यांना भोवळ आल्याच्या कथा पसरल्या, आणि पुढे त्या प्रसंगाला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवले. येथे दोन मते एकाच वेळी उभी दिसतात. एक टिळकांचे, ते नावानिशी इतिहासात गेले. दुसरे भोवळ आलेल्या प्रेक्षकाचे. ते निनावी राहिले. परंतु कात्री लावण्यास निमित्त झाले ते दुसरेच, हे लक्षात ठेवावे.

याच पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. सावकाराच्या कर्जात जमीन गमावलेला एक तरुण शेतकरी शहरात येतो आणि गिरणीत कामाला लागतो, अशी ती कथा. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. जाणकार आज त्या पटाला आपल्याकडील वास्तववादी चित्रपटाचा आरंभ मानतात. पण त्या वेळी, पुराणकथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी त्याला तसा आश्रय दिला नाही. याचा अर्थ कसा लावावा? प्रेक्षकांना समजले नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण जो माणूस स्वतःच कर्जात बुडालेला आहे, त्याला चार आणे खर्चून आपलेच दुःख पुन्हा पाहावेसे वाटले नसेल, असेही असू शकेल. पेंटरांनी १९३६ साली तीच कथा बोलपट करून पुन्हा काढली, यावरून त्यांचा तिच्यावरचा विश्वास ढळला नव्हता एवढे दिसते. ही कथा आपण ध्यानात ठेवू, कारण तिचा आपल्या या पट्ट्याशी पुढे संबंध येणार आहे.

सरकारने प्रेक्षकांचे मत विचारले आहे काय? एकदा विचारले. १९२७ साली दिवाण बहादूर रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली एक सिनेमॅटोग्राफ समिती नेमली गेली. तिने ४,३२५ प्रश्नपत्रिका पाठवल्या, ३५३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या आणि १९२८ साली अहवाल दिला. त्या साक्षींचे खंड म्हणजे आपल्या चित्रपट-इतिहासाचे मोठे भांडार आहे. महात्मा गांधींकडेही प्रश्न गेले होते. आपण कधी सिनेमाला गेलोच नाही, तेव्हा उत्तर देण्यास आपण अपात्र, अशा आशयाचे त्यांनी कळवले. हे उत्तर प्रामाणिक होते. पण त्या प्रश्नपत्रिका गेल्या कोणाकडे? वकील, संपादक, अधिकारी, शिक्षक, व्यापारी, चित्रपटगृहांचे मालक, निर्माते यांच्याकडे. दोन आण्यांच्या जागेवर जमिनीवर बसून रोज चित्रपट पाहणाऱ्याच्या हाती प्रश्नपत्रिका पडण्याची सोय त्यांत फारशी नव्हती. अडाणी प्रेक्षकावर चित्रपटाचा काय परिणाम होतो, हे विचारले गेले ते शहाण्या माणसांना. ज्याच्याविषयी बोलायचे त्याला सोडून इतरांना विचारण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे आणि अजून पुरती गेलेली नाही.

आता आपल्या अगदी घराजवळच्या उदाहरणाकडे येऊ. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली, आणि १९३६ साली तिने 'संत तुकाराम' दिला. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, शिवराम वाशीकरांची कथा, केशवराव भोळ्यांचे संगीत आणि विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेत. देहू येथून हाकेच्या अंतरावर; आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूहून निघाली म्हणजे आकुर्डीला मुक्काम करते. म्हणजे ज्या संताचा हा चित्रपट, त्याची माणसे याच मातीतली. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो ५७ आठवडे चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला मान मिळाला. परदेशी परीक्षकांचे मत आणि वारकऱ्याचे मत एकाच कृतीवर जुळावे, असा प्रसंग कलेच्या इतिहासात क्वचित येतो.

परंतु दोघे एकच गोष्ट पाहत होते काय? मला तसे वाटत नाही. परीक्षकांनी चित्रणातला साधेपणा पाहिला, अभिनयातला सहजपणा पाहिला. वारकऱ्याने तुकोबा पाहिले. पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट. पण या चित्रपटानंतर लोक त्यांच्याकडे संत म्हणूनच पाहू लागले. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक पद तर इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की अनेकांनी ते तुकोबांचाच अभंग मानले. गाथा पाठ असलेल्या माणसांच्या मुलखात नवे पद जुने म्हणून खपावे, याहून कवीला मोठी पावती कोणती? आणि ती पावती कोणा टीकाकाराने दिली नाही. ऐकणाऱ्या कानांनी दिली.

आणखी एक गोष्ट. त्या चित्रपटात तुकोबांची पत्नी जिजाई हिचे काम गौरी या नटीने केले. ती शिकलेली, नावाजलेली नटी नव्हती. कंपनीत किरकोळ कामे करीत वर आलेली. तिची जिजाई भांडते, शिव्या देते, मुलांच्या पोटासाठी विठोबालाही सोडत नाही. आजही जाणकार त्या भूमिकेची वाखाणणी करतात. पण मला वाटते, तिला पहिल्यांदा ओळखले असेल ते घर चालवणाऱ्या बायकांनी. नवरा भजनात रंगला आणि घरात दाणा नाही, ही गोष्ट पडद्यावर पाहून बायका आपसांत काय बोलल्या असतील? तुकोबांच्या पायांवर डोके ठेवून घरी परत येताना 'पण जिजाईचेही काही चुकले नाही हो', असे कोणी म्हटलेच नसेल, हे संभवत नाही. हे मत छापले गेले असते, तर आपल्या समाजाच्या इतिहासाला ते केवढे उपयोगी पडले असते!

१९४० साली 'प्रभात'ने 'संत ज्ञानेश्वर' काढला. आळंदीही आपल्याच पंचक्रोशीतली. असे चित्रपट शहरातले खेळ संपले की तंबूंतून गावोगाव फिरत. फिरत्या सिनेमाचा तंबू हा ग्रामीण महाराष्ट्राचा एक मोठा पाठ आहे. सुगी संपून जत्रा सुरू झाल्या की तंबू निघायचे आणि पावसाळा तोंडावर आला की गुंडाळले जायचे. यंत्र मोटारीवर, पडदा कापडाचा, बसायला जमीन. एकच यंत्र असले म्हणजे रीळ बदलताना खेळ थांबायचा. त्या थांबण्याला मी फार महत्त्व देतो. कारण त्या दोन-चार मिनिटांत अंधारात मते सुरू व्हायची. पुढे काय होणार, याचे भविष्य वर्तवले जायचे. खलनायकाला शिक्षा कोणती व्हावी, यावर पंचायत भरायची. रीळ बदलणे ही यंत्राची अडचण होती, पण तिने प्रेक्षकाला बोलण्याची उसंत दिली. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, पारावर, बाजाराच्या गर्दीत ते बोलणे पुढे चालायचे, आणि रात्रीच्या खेळाला गर्दी व्हायची की नाही हे त्या बोलण्यावर ठरायचे. तंबूवाल्याला वर्तमानपत्रातल्या परीक्षणाची भीती नसे. त्याला भीती असे ती पारावरच्या परीक्षणाची.

छापील मतांचीही एक परंपरा त्याच काळात वाढत होती. बाबूराव पटेल या मराठी गृहस्थांनी १९३५ साली मुंबईत 'फिल्मइंडिया' हे मासिक सुरू केले. त्यातील वाचकांची पत्रे आणि त्यांना संपादकाने दिलेली तिखट उत्तरे वाचण्यासाठीच पुष्कळ लोक अंक घेत. मत मांडणे, त्याला उत्तर मिळणे, त्यावर पुन्हा तिसऱ्याने लिहिणे, असा खुला आखाडा तेथे भरत असे. पण मासिक इंग्रजी होते. म्हणून त्या आखाड्यात उतरणारे मल्ल इंग्रजी शिकलेलेच. मराठीत ही उणीव पुढे नाशिकच्या 'रसरंग'सारख्या साप्ताहिकांनी काही अंशी भरून काढली. एक अंक घरात आला तर शेजारच्या चार घरांत फिरून येई, आणि केशकर्तनालयाच्या बाकावर पडलेला अंक तर किती हातांतून जाई याची गणती नाही.

स्वातंत्र्य आले आणि हा पट्टा बदलू लागला. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत पिंपरीला झाली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना पिंपरीत स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहू लागल्या. आकुर्डीस बजाज, पिंपरीस टेल्को. १९७० साली येथे नवनगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. त्यानंतर लाट चाकणकडे सरकली. जे गाव कांद्याच्या बाजारासाठी आणि १६६० सालच्या फिरंगोजी नरसाळ्याच्या झुंजीसाठी ठाऊक होते, ते मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाऊ लागले.

आता 'सावकारी पाश' आठवावा. शेतकरी जमिनीवरून उठतो आणि यंत्रापाशी जाऊन उभा राहतो, ही १९२५ ची कथा या पट्ट्यात हजारो घरांत घडली. कारण पुष्कळदा वेगळे होते. येथे सावकाराच्या जागी भूसंपादनाची नोटीस होती. आणि मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून, पुढे उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसांच्या मागे दुष्काळ किंवा बेकारी होती. पण यंत्रासमोर उभा राहिलेला माणूस तोच. ल्युमिएरच्या फितीत कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारा कामगार अखेर येथे प्रेक्षक होऊन बसला.

या प्रेक्षकाच्या सवयी वेगळ्या होत्या. त्याचा दिवस घड्याळाने नव्हे तर पाळीने ठरे. रात्रपाळीचा माणूस दुपारचा खेळ पाही, पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळचा. पगाराच्या दिवशी चित्रपटगृह भरे, महिनाअखेरीस ओस पडे. आणि मत देण्याची जागा म्हणजे कंपनीची बस, उपाहारगृह, चहाची टपरी. एका पाळीने पाहिलेल्या चित्रपटाचे गुणदोष पाळी बदलताना दुसऱ्या पाळीला कळत. जो प्रचार करण्यास निर्मात्यास लाखो रुपये मोजावे लागत, तो येथे फुकट आणि अधिक विश्वासाने होई. कारण सांगणारा माणूस शेजारच्या यंत्रावरचा असे. त्याने 'पैसे वाया जातील' म्हटले की ऐकणाऱ्याचे पैसे खरोखर वाचत. आपल्याकडे मताला किंमत नाही असे म्हणतात. या माणसाच्या मताची किंमत तिकिटाइतकी तरी नक्की होती.

'शोले'चे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९७५ च्या ऑगस्टमध्ये तो लागला तेव्हा पहिली परीक्षणे थंड होती, व्यापाऱ्यांत कुजबूज होती. मग प्रेक्षकांची जीभ कामाला लागली, आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. त्यातले संवाद लोकांना इतके पाठ झाले की संवादांच्याच ध्वनिमुद्रिका निघाल्या. मराठीतही अशी उदाहरणे आहेत. अनंत माने यांचा १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे एक तमाशापट एकाच चित्रपटगृहात चालतो, तेव्हा तो केवळ पुणेकरांनी चालवलेला नसतो. बाजारहाटासाठी, कोर्टकचेरीसाठी पुण्यास आलेला खेड, मावळ, जुन्नरचा माणूसही त्यात सामील असणारच.

आणि दादा कोंडके! १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून त्यांचे एकामागून एक नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले. गिनीजच्या विक्रमांच्या ग्रंथात त्याची नोंद झाली. गिरणगावात वाढलेला हा नट. त्याची भाषा कामगाराची आणि खेडुताची. सुशिक्षितांनी द्व्यर्थी विनोदावर नाके मुरडली. ती टीका अगदी निराधार होती असे मी म्हणणार नाही. पण अर्धी विजार घातलेला, सर्वांनी हसावे असा भोळा गडी शेवटी शहाण्यांवर मात करतो, हे पाहून ज्याला दिवसभर साहेबाची बोलणी खावी लागतात त्याला काय वाटत असेल, याचा विचार त्या टीकेत कमी होता. टीकाकार शब्द मोजत होते. प्रेक्षक विजय मोजत होते.

स्त्रियांच्या मताची गोष्ट अशीच. १९९१ साली 'माहेरची साडी' आला. जाणत्यांनी त्याला रडका म्हटले. बायका मात्र समूहाने गेल्या, पुनःपुन्हा गेल्या, रडल्या. एरवी घरात बसून रडण्यास ज्यांना सवड आणि मुभा नव्हती, त्यांना तीन तास अंधारात शेजारणीच्या खांद्यावर रडावयास मिळाले. ते रडणे चित्रपटापुरतेच होते काय, हा प्रश्न एखाद्या समाजशास्त्रज्ञाने त्याच वेळी चित्रपटगृहाच्या दाराशी उभे राहून विचारावयास हवा होता.

दुसऱ्या बाजूला, चित्रपट जाणतेपणाने कसा पाहावा याचे शिक्षणही आपल्याच शेजारी उभे राहत होते. 'प्रभात'च्या त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून ते वाढवले. सतीश बहादूर यांनी रसास्वादाचे पाठ दिले. १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघाले. पुढे पुण्यात आशय फिल्म क्लब. तेथे चित्रपट पाहिल्यावर चर्चा होते, मत मांडणाऱ्यास 'का?' असे विचारले जाते. ही शिस्त मोलाची आहे. 'आवडला' किंवा 'नाही आवडला' एवढ्यावर न थांबता कारण शोधणे, ही संस्कृतीची पहिली पायरी होय. दुःख एवढेच की लॉ कॉलेज रस्त्यावरची ही चर्चा आणि भोसरीच्या टपरीवरची ती चर्चा, यांची गाठ फारशी पडली नाही. अंतर काही कोसांचे. पण ते ओलांडण्यास कोणती बस नव्हती.

असे असूनही कधी कधी दोन्ही मते एकत्र येतात. १९५३ च्या आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'वर घरोघरीच्या आयांनीही शिक्का मारला आणि राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकानेही. त्याच अत्र्यांचे नाव पिंपरीच्या संत तुकारामनगरातील रंगमंदिरास आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. २००४ चा 'श्वास' ऑस्करला निघाला तेव्हा लोकांनी वर्गणी जमवली. मत खिशातून बाहेर आले. २०१६ चा नागराज मंजुळे यांचा 'सैराट' पाहताना लोक गाण्यांवर नाचले आणि शेवटी मुके होऊन बाहेर पडले. त्यावर गावागावांत, वस्त्यावस्त्यांत जे वाद झाले, ते चित्रपटाचे नव्हतेच. ते जातीचे, लग्नाचे, इभ्रतीचे होते. चित्रपटाच्या निमित्ताने माणूस जे बोलतो ते पुष्कळदा स्वतःविषयीच असते. म्हणून हे बोलणे इतिहासाचे साधन आहे.

चिंचवडला तर याची एक खास कसोटी आहे. चापेकर बंधू चिंचवडचे. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. वॉटसन हॉटेलातल्या त्या पहिल्या खेळाला तेव्हा एक वर्षही झाले नव्हते. १९७९ साली नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी '२२ जून १८९७' याच नावाचा चित्रपट काढला. ज्या गावात त्या बंधूंच्या कथा आजी नातवाला सांगत आली, त्या गावच्या माणसाने तो पाहून 'असे नव्हते' किंवा 'असेच होते' म्हटले, तर त्या मताला समीक्षकाच्या मतापेक्षा वेगळे वजन आहे. त्यात केवळ रसिकता नसते, साक्षही असते.

कोणी म्हणेल, इतका आटापिटा कशासाठी? लोकमत म्हणजे काही सत्य नव्हे. गर्दी झाली म्हणून चित्रपट थोर ठरत नाही, आणि 'सावकारी पाश' पडला म्हणून तो हलका ठरला नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. प्रेक्षकाचे मत हे अंतिम निकाल नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे. पण तो पुरावा आहे. निकाल देणारा न्यायाधीशही पुरावा फेकून देत नाही.

आणि पुरावे नष्ट होतात, हा अनुभव आपण घेतला आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची चारांपैकी दोनच रिळे उरली. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठारास आग लागून नायट्रेटच्या कित्येक जुन्या रिळांची राख झाली. रिळे गेली याची हळहळ तरी झाली. पण तंबूत बसलेली, पहिल्या पाळीहून धावत येऊन तिकीट काढलेली, 'माहेरची साडी'ला रडलेली माणसे एकेक करून जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांची मतेही जात आहेत, याची हळहळ कोणी करीत नाही. ती राख दिसत नाही, एवढाच फरक.

तेव्हा एक साधी विनंती करून मी थांबतो. या पट्ट्यात सार्वजनिक वाचनालये आहेत, कामगारांच्या संघटना आहेत, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे आहेत, शाळा-महाविद्यालये आहेत. प्रत्येक वाचनालयाने एक वही ठेवावी. तीत कोणीही यावे आणि लिहावे: चित्रपट कोणता, कोठे पाहिला, कोणाबरोबर, तिकीट किती होते, काय आवडले, काय खटकले, आणि घरी परतताना काय बोलणे झाले. ज्यास लिहिता येत नाही त्याचे शब्द विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावेत, त्यात सुधारणा न करता, त्याच्याच बोलीत. मराठवाड्याची बोली असो, मावळची असो, सिंधी माणसाचे मराठी असो, नाहीतर बिहारहून आलेल्या कामगाराची हिंदी असो. खर्च वहीचा आणि पेन्सिलीचा. १९२७ च्या समितीने ज्याला प्रश्नपत्रिका पाठवली नाही, त्याला ती आपण आता पाठवू. जे गेले त्यांची उत्तरे मिळणार नाहीत. जे आहेत त्यांची अजून मिळतील. त्यासाठी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला आज रात्रीच विचारावे, की पहिला सिनेमा कोणता पाहिलात, आणि कसा वाटला?